मामा, ही ओळ गाळू नका

वर्धा, १२ ऑगस्ट १९४३

सौ. गोजर हिला, आणि हे पत्र तिला वाचून दाखवणाऱ्या ती. मामांना,

मी बेकाम नाही.

एवढं आधी लिहून टाकतो, म्हणजे मामांनी चष्मा काढून पत्र बाजूला ठेवायच्या आत ते तुझ्या कानी पडेल. झाला प्रकार मला वडिलांनी कळवला. पंचमीसाठी तुला नरसीला आणायला आमचा देवला गाडी घेऊन हट्ट्याला आला. मामांनी ओसरीवरच त्याला गाठलं, "जावईबापू सध्या काय करून राहिले?" देवला आमच्या घरचा जुना माणूस. नियत साफ, कान मात्र कामचलाऊ. घरात ऐकलं होतं तसं त्यानं सांगितलं, "बेकाम व्हऊन राहिले जी. पुरं व्हायला आजून दोन वरसं लागतेत म्हन्ते." त्यावर मामा म्हणाले म्हणे, "बेकाम व्हायला दोन वरसं काहून? आमच्या गावचे पोरं तर बसल्या जागी व्हतेत." आणि गाडी रिकामी परत आली.

मामा, ते बी. कॉम. आहे. 'कॉम' म्हणजे व्यापार. 'बी' म्हणजे काय ते मी सांगत नाही, कारण त्या इंग्रजी शब्दाचा दुसरा अर्थ कुणी तुम्हाला सांगितला तर गोजर या जन्मी नरसीला यायची नाही. इथे आम्हाला हिशोब कसा लिहावा, दुसऱ्यानं लिहिलेला कसा तपासावा, बँक कशी चालते, करार कसा करतात आणि मोडला तर कोर्ट काय म्हणतं, हे सगळं शिकवतात, तेही इंग्रजीतून. बेकाम व्हायला सवडच मिळत नाही.

गोजर, आता तुझ्याशी चार शब्द. सासूबाईंच्या, म्हणजे तुझ्या आईच्या, आजारपणात तुझं लग्न लांबलं, अठराव्या वर्षी गावानं तुला घोडनवरी ठरवून टाकलं, आणि लग्न झालं तर दोन महिन्यांत सासूबाई गेल्या. वर्षश्राद्ध होईपर्यंत तू मामांजवळ राहावंस हे ठीकच होतं. आता वर्षही झालं. घरात तुम्ही दोघंच, आणि दोघांत अक्षर येतं ते फक्त मामांना. म्हणजे माझं पत्र तुला मामांच्या तोंडून ऐकावं लागतं आणि तुझं उत्तर मला मामांच्या अक्षरात वाचावं लागतं. नवराबायकोच्या बोलण्यात सासरा मधोमध बसलेला, असं दुसरं जोडपं परभणी जिल्ह्यात असेल तर मला दाखवा.

पंचमीला धाडलेल्या लुगड्याचा रंग आवडला का ते कळव. हे वाचायला मामांची हरकत नसावी. देवलाला पुन्हा पाठवायला सांगितलं आहे. या खेपेला त्याला काही विचारू नये.

उत्तम

वर्धा, ९ ऑक्टोबर १९४३

सौ. गोजर आणि ती. मामा यांना,

मामांचं उत्तर पोचलं. मी ते खोलीतल्या मित्रांना वाचून दाखवलं आणि सगळ्यांनी मान्य केलं की असा बिनतोड प्रश्न आमच्या परीक्षेतही येत नाही. "बी. कॉम. समजले. वकिली शिकला की त्यास वकीलसाहेब म्हणतात, डाक्टरी शिकला की डाक्टरसाहेब. तुम्हास काय म्हणावे? वसमतच्या बाजारात लोक पुसतात. शब्द कळवावा. तो येईतो गोजर येथे सुखरूप आहे."

शब्द शोधायला मी आमच्या मद्रासी सरांकडे गेलो. ते म्हणाले, वाटा पुष्कळ आहेत. बँकेत लागलो तर कारकून, नशीब फळलं तर मॅनेजर. रेल्वेच्या हिशोब कचेरीत बाबू. विम्यात गेलो तर एजंट, पण एजंट गल्लीत शिरला की लोक परसदारानं निघून जातात, तेव्हा ते नको. गिरणीत लागलो तर अकौंटंट. हा शब्द मामांनी चार वेळा मोठ्यानं म्हणून पाहावा, तोंडात बसला तर तोच ठेवू. हैदराबादेत सरकारी हिशोबखात्यात जागा असतात, पण तिथे उर्दू लागते आणि माझी उर्दू देवलाच्या कानासारखी. पगाराचंही मामांनी विचारलंय, निजामाचे हाली रुपये की इंग्रजांचे कलदार? मामा, आधी पास तर होऊ द्या.

पास होणं दिसतं तितकं सोपं नाही. पहिल्याच चाचणीत माझी फजिती झाली. आमच्या नरसीच्या वहीत जमा डाव्या हाताला आणि नावे उजव्या हाताला. वडील तसं लिहितात, आजोबा तसं लिहीत, आणि मामांचीही वही तशीच असणार. इथल्या इंग्रजी रीतीत सगळं उलट, जमा उजवीकडे. मी आपला सवयीनं बसलो आणि सुरेख हिशोब लिहिला. बेरजा जुळल्या, ताळा जुळला, फक्त सगळं या कुशीवरून त्या कुशीवर झालं होतं. सरांनी पेपर उलटा धरला, आरपार उजेडात पाहिला आणि म्हणाले, असा बरोबर आहे. वर्गात मला आता सगळे डावखुरा म्हणतात.

गोजर, तुझं हसणं आठवतं. पुस्तकाची पानं उलटत जातात आणि डोक्यात काही शिरत नाही.

दिवाळसणाला हट्ट्याला येतो आहे.

उत्तम

वर्धा, १० नोव्हेंबर १९४३

सौ. गोजर आणि ती. मामा यांना,

पोचलो. खाणावळवाला म्हणाला, जावई वजनानं वाढून आलेत. त्यात करंज्यांचा वाटा मोठा.

माझं मागचं पत्र माझ्या मागून हट्ट्याला आलं, ही लढाईच्या दिवसांतल्या टपालाची कृपा. मी ओसरीवर चहा घेत होतो. मामा म्हणाले, "बरं झालं, तुमी बी ऐका." आणि तू दाराआड उभी राहिलीस. आपलंच पत्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची पाळी वैऱ्यावर येऊ नये. पण मामा वाचतात छान. अकौंटंटवर तीनदा अडखळले आणि चौथ्यांदा 'अकौंटन' म्हणून बैल ओढ्यापार करावा तसे पुढे गेले. जमेच्या गोष्टीवर मांडीवर थाप मारून हसले, "आपली जमा डाव्या हातालाच राहीन. त्यांना काय करायचं ते करू द्या." मग तुझ्या हसण्याची ओळ आली. मामांना खोकला आला, आणि खोकला थांबला तेव्हा ती ओळ गेलेली होती. त्याचं मला काही नाही. बाप आहेत. पण अगदी शेवटी, माझ्या नावाच्या आधी, मामांनी वाचलं, "गोजर, अजून वर्षभर तू आबांजवळच राहावंस. त्यांना तुझ्याशिवाय दुसरं कोण आहे, असं मला वाटतं."

मी असं लिहिलं नव्हतं. तेव्हा मी चहाच्या कपात बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी वाढताना तू हळूच म्हणालीस, "आबा खोकले का समजावं वळ गेली. आन काल एक वळ जास्तीची आली."

"तुला कसं कळलं?"

"तुमी 'असं मला वाटते' म्हनत न्हाई. जे हाय ते सांगून मोकळे होता."

आमच्या सरांनी मागे सांगितलं होतं की ऑडिटर या शब्दाचा मूळ अर्थ ऐकणारा. पूर्वी विलायतेत हिशोब मोठ्यानं वाचून दाखवत, आणि ऐकणारा माणूस नुसतं ऐकून सांगे, इथे काहीतरी राहिलं, इथे काहीतरी घुसलं. हे ऐकलं तेव्हा मला ती थाप वाटली होती. आता वाटत नाही.

मामा, इथून पुढची एकही ओळ गाळू नका. खोकला आला तर पाणी प्या आणि वाचा.

मला राग आला होता. माझ्या पत्रात सासरा मुक्कामाला होताच, आता तो लिहायलाही लागला. वाशीमपर्यंत मोटारीत मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होतो आणि जिंकत होतो. मग अकोल्याला गाडीची वाट बघताना राग ओसरला. इथे आम्हाला पहिलाच धडा हा देतात की कुठलाही व्यवहार एका घरात लिहून भागत नाही. एका घरी आलं म्हणजे दुसऱ्या घरून गेलेलं असतं, आणि ते दोन्हीकडे लिहावं लागतं. हा धडा मी पोपटासारखा पाठ केला आणि माझ्या स्वतःच्या संसारात हट्ट्याचं घर धरलंच नाही. गोजर नरसीला आली की त्या ओसरीवर मामा कुणाशी बोलणार, हे मला एकदाही सुचलं नव्हतं. शब्द कळवा, शब्द कळवा, असं मामा का म्हणत होते ते आता कळलं.

म्हणून ती ओळ माझी समजावी. मी तिच्यावर मागल्या तारखेची सही करतो. गोजर, वर्षभर आबांजवळ राहा. मला जड जाईल. तेही मामांनी मोठ्यानं वाचावं.

उत्तम

वर्धा, १८ जून १९४४

सौ. गोजर आणि ती. मामा यांना,

पत्राला उशीर झाला. इकडे पाऊस वेळेवर आहे. खाणावळवाल्यानं दर वाढवले आणि डाळ पातळ केली. निकाल लागला. मामांच्या गुडघ्याला आता कसं आहे? तिळाचं तेल कोमट करून चोळावं. नरसीला सगळे बरे आहेत. देवलानं नवीन बैल घेतला, त्याचं नाव त्यानं कलदार ठेवलं आहे. बाकी विशेष काही नाही.

उत्तम

वर्धा, ६ जुलै १९४४

सौ. गोजर आणि ती. मामा यांना,

तुमचं कार्ड आलं. एवढ्या मोठ्या कार्डावर एकच ओळ. "गोजर पुसते, निकाल लागला म्हणता, तो कोणाचा?"

बरं. माझा नाही लागला. म्हणजे लागला, पण नापास असा लागला. बँकिंगमध्ये पास, कायद्यात पास, इंग्रजीत कसाबसा पास, आणि हिशोबात नापास. वर्षभर मी जमा उजवीकडे लिहिली, अगदी झोपेतही. परीक्षेच्या दिवशी घाम फुटला, हात घसरला आणि आजोबांच्या वहीत जाऊन बसला. अर्धा पेपर झाल्यावर ध्यानात आलं, मग खोडाखोड केली, आणि खोडाखोडीतून काय वर येणार. मामा, तुमच्या जमेची बाजू घेऊन मी हुतात्मा झालो.

हे मी मागच्या पत्रात पावसाच्या आणि डाळीच्या मध्ये दडवून ठेवलं होतं. वाटलं, ऐकताना निसटेल. विसरलो की ऐकणारी कोण आहे.

खरं सांगायचं तर मी ट्रंक भरली होती. नरसीला यावं, शेती बघावी, तुला आणायला देवलाच्या गाडीत स्वतः बसून यावं, आणि मामांना सांगावं की आता मी खराच बेकाम आहे, काय करायचं ते करा. मग चार दिवसांनी दुसरं कार्ड आलं; वडिलांना मी निकाल आणि परत यायचा बेत लिहिला होता, तो तुमच्यापर्यंत पोचला असणार. "पुन्हा बसावे. घाई नाही. गोजर येथे सुखरूप आहे." मामा, 'घाई नाही' हे दोन शब्द तुम्ही इतक्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेत की तुमचा आनंद लपत नाही. पण त्याखाली तिरकी एक ओळ आहे, "गोजर म्हणते, अर्ध्या ताटावरून उठणारा माणूस मला नको." ही तुम्ही पदरची घातलेली नाही, हे मला वाचताक्षणी कळलं. तुम्ही मला कधी ताटावरून उठूच देत नाही, घास मोजायचं तर दूरच.

ट्रंक उघडली. पुस्तकं पुन्हा कोनाड्यात लावली. ज्या उजव्या हातानं घोळ केला त्याच्या मनगटाला लाल दोरा बांधलाय. जमा त्या हाताला.

उत्तम

वर्धा, २४ जून १९४६

सौ. गोजर आणि ती. मामा यांना,

पास झालो. तारेनं कळवलंच आहे, पण निकाल माझाच आहे, आणि तो पास असाच आहे. वरच्या वर्गात नाही, खालच्या वर्गात, पण पदवी दोघांना एकाच लांबीची देतात.

आमचे मद्रासी सर दारापर्यंत आले, हातात हात घेतला आणि म्हणाले, डावखुरे, आता पुढे काय? मी म्हटलं, हाच प्रश्न मला तीन वर्षांपूर्वी हट्ट्याहून आला आहे.

आता नीट ऐक, गोजर. वर्षभर म्हणालो होतो, माझ्या नापासानं त्याची जवळजवळ तीन वर्षं झाली. माझ्यापुढे तीन वाटा आहेत. नागपूरच्या एका बँकेत जागा आहे. पगार बरा, तोही कलदार, पंखा डोक्यावर, आणि पुढे वाढत जाण्याजोगं. दुसरी मुंबईची. तिथे एका ऑडिटरच्या हाताखाली काही वर्षं उमेदवारी करायची, पोटापुरतंही मिळत नाही, पण मग परीक्षा दिली की स्वतःची पाटी लावता येते. आमच्या वर्गातले हुशार तिकडे चाललेत. तिसरी हिंगोलीची. स्टेशनजवळच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, त्यांना इंग्रजी पद्धतीनं वह्या ठेवणारा माणूस हवा आहे. पगार हाली, बसायला गादी, कापसाची पिंजर नाकात. मित्र हसतात. म्हणतात, एवढं शिकून जिनात जायचं तर वाशीमहून मागेच का नाही वळलास.

मामांचा कौल मला ठाऊक आहे. मी पास झाल्याची आणि नागपूरच्या जागेची तार हट्ट्याला पोचली त्या आठवड्यात वसमतच्या बाजारात बातमी होती की सोनाजी पाटलांचे, म्हणजे आपल्या मामांचे, जावई बँकवाले झाले. तीन वर्षांनी मामांना शब्द सापडला. मामा, मला त्याचा राग नाही, थोडी गंमतच वाटली.

पण या खेपेला मला गोजरचं मत हवं आहे, आणि ते मला मामांच्या अक्षरात नको. रागावू नका. तुम्ही तिचं जसंच्या तसं लिहाल, पण ती तुमच्यापुढे जसंच्या तसं सांगणार नाही. देवला येत्या आठवड्यात हट्ट्याला येईल. गोजरनं त्याला विहिरीवर, गोठ्यात, कुठेही बाजूला घेऊन सांगावं. मामांनी त्याला गूळपाणी द्यावं आणि काहीही विचारू नये.

उत्तम

हिंगोली, १५ सप्टेंबर १९४६

सौ. गोजर आणि ती. मामा यांना,

मी जिनात लागलो. पत्ता खाली लिहिला आहे. खोली मिळाली आहे, दोन खणांची, पुढे अंगण, अंगणात लिंब.

मामा, तुमचं पत्र आलं ते मी तीनदा वाचलं. "शिकून शेवटी मुनीमच. मुनीम तर आमच्याकडे बिगर शिकता होतात. लोकांस काय तोंड दाखवू." त्यानंतर दीड महिना एक अक्षर नाही. मी दोन पत्रं टाकली, त्यांचंही उत्तर नाही. म्हणजे गोजरला ती वाचून दाखवली की नाही तेही मला ठाऊक नाही. हे पत्र वाचायचं नसलं तरी निदान इथपर्यंत आलाच आहात, तर पुढचंही वाचा.

देवला हट्ट्याहून थेट माझ्याकडे आला. मी विचारलं, काय म्हणाली?

"हिंगोली म्हन्ल्या वहिनीसाहेब."

"नीट ऐकलंस का? नागपूर नाही?"

"दोनदा म्हनून घेतलं जी. म्या म्हन्लं, मागल्या टायमाला माह्या कानानं घोटाळा झालता, पुन्हा सांगा. तर पुन्हा म्हन्ल्या, हिंगोली."

"काहून?"

देवलानं आधी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मग म्हणाला, "म्हन्ल्या, आबाला बरं न्हाई असं कानावर आलं तर त्याच दिशी गाडी जुपता आली पाहिजे. नागपुराहून येईपर्यंत मानूस वाट पाहून राहते."

मामा, म्हणून मी मुनीम झालो. पंखा मलाही आवडला असता. मुंबईची पाटी तर मी मनात रंगवूनही ठेवली होती. पण तिनं सांगितलं आणि मला एका क्षणाचंही जड गेलं नाही, हे खरं. इथे मला सुख आहे. मारवाडी शेठ रागीट आहे पण हिशोबाला मान देतो. जुन्या मुनीमजींची जमा डावीकडे, माझी उजवीकडे, आणि आम्ही दोघं एकाच गादीवर समोरासमोर बसतो, त्यामुळे बघणाऱ्याला ती एकाच अंगाला दिसते. संध्याकाळी कयाधू नदीकडे फिरून येतो.

आता माझं सगळं सांगून झालं. लोकांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. गोजरला कधी पाठवायचं तेही तुम्हीच ठरवा. मी न्यायला येणार नाही, देवलालाही धाडणार नाही. बापाच्या हातून लेक ओढून आणणारा जावई मला व्हायचं नाही. वाट मात्र रोज बघेन.

उत्तम

हिंगोली, १६ फेब्रुवारी १९४७

ती. मामांच्या चरणी,

या पत्राच्या माथ्यावर पहिल्यांदाच एकटं तुमचं नाव आहे.

तुम्ही निघून गेलात ते न सांगता. आम्ही उठलो तर गाडी नव्हती आणि अंथरूण घडी करून ठेवलेलं. गोजर दारात बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "आबाला निरोप घेता येत न्हाई. आई गेली तवाबी शेताकडं निघून गेलते." आणि चूल पेटवायला आत गेली.

तुम्ही आलात तो दिवस मी कधी विसरणार नाही. जिनाच्या आवारात गाड्यांची रांग लागलेली, आणि एका गाडीत कापसाच्या ढिगावर गोजर बसलेली, डोक्यावर पदर, मांडीवर गाठोडं, केसांत कापसाचे पुंजके. मी गादीवरून उठलो आणि शाईची दौत सांडली. तुम्ही म्हणालात, "कापूस आनला. हितं भाव चांगला हाय म्हन्ते." मामा, वसमतचा बाजार तुमच्या दाराशी, आणि तुम्ही औंढ्याला मुक्काम करून कापूस हिंगोलीला आणलात. इथला भाव रोज मीच वहीत उतरवतो. त्या दिवशी तो वसमतपेक्षा कमी होता. तुम्हालाही ठाऊक होता. मी कमी भावातली तुमची तूट वहीत चढवून घेतली आणि वर सही केली.

एक गोष्ट मात्र तुम्हाला ठाऊक नाही. वजनकाट्यावरच्या हरिचंदनं तुम्हाला विचारलं ना, पाटील, कुणाकडं आलात, तेव्हा मी कापसाच्या बोंद्रीच्या, त्या मोठ्या पोत्याच्या, मागेच होतो. तुम्ही म्हणालात, जावयाकडं. "काय करतेत जावई?" मी कान लावला. म्हटलं, आता मुनीम म्हणतात की बँकवाले म्हणतात की अकौंटन म्हणतात. तुम्ही थोडा विचार केलात आणि म्हणालात, "जवळ असतेत." हरिचंदला काही कळलं नाही, तो पुढच्या गाडीकडे गेला. मला पदवी मिळाली तेव्हाही इतकं बरं वाटलं नव्हतं.

आता गोजरचा निरोप. ती समोर बसली आहे आणि सांगते आहे, मी लिहितो आहे. तिचं म्हणणं असं आहे.

"आबा, मला हितं बिलकुल करमत न्हाई. हितलं पानी मचूळ हाय, डाळ शिजत न्हाई. बायका बोलायला नीट न्हाईत. सारखी तुमची याद येऊन राहिली. घास गोड लागत न्हाई, वाळून गेले. गुडघ्याला तेल चोळत जा. पाडव्याला येते, आठ रोज राहते."

हे लिहून झाल्यावर तिनं मला सगळं वाचून दाखवायला लावलं, डोळे मिटून ऐकलं, आणि 'वाळून गेले' हे राहिलं होतं ते घालायला सांगितलं. घातलं. मग ती उठून शेजारच्या बनाबाईंकडे गेली. तिथे आज शेवया करायच्या आहेत.

ती परत यायच्या आत मला चार ओळी लिहायच्या आहेत. मामा, वरचं सगळं तिनं सांगितलं तसं उतरवलं आहे, पण त्यातलं पाडव्याचं आणि तेलाचं तेवढं खरं. बाकीचं असं आहे की बनाबाई आणि ती सकाळपासून कुंपणाच्या दोन्ही बाजूंनी इतकं बोलतात की मधला लिंब कंटाळला असेल. पाण्यात डाळ लोण्यासारखी शिजते. जेवते चांगली, दोन चोळ्या उसवून घेतल्या. परवा मी जिनातून आलो तर अंगणात चार बायकांना बसवून तुमची नक्कल करून दाखवत होती, तुम्ही पत्र कसं वाचता त्याची, चष्म्यासकट, आणि स्वतःच हसून लोळत होती. मी तिला म्हटलं, आबांना खरं काय ते कळवू या. तर तिनं मान हलवली. म्हणाली, "नगं. आबाला वाटंल, इतक्या बिगीनं इसरली." डोळ्यांत पाणी आलं होतं, तेवढं एकदाच.

तिचा शब्द मी मोडतो आहे. तुम्ही तिकडे एकटे ओसरीवर बसून ती वाळून गेली म्हणून झुरावं, हे मला बघवत नाही. आणि ती विसरली असंही तुम्हाला वाटू नये. ती सुखात आहे, मामा. पहाटे जात्यावर बसली की ओव्या सुरू करते, त्यात पहिलं नाव तुमचं, दुसरं तुमचं, तिसरंही तुमचंच, आणि माझी पाळी येईपर्यंत दळण संपतं.

उत्तम